आधी काय दिसलं

१९८७ च्या हिवाळ्यात आमच्या गावच्या शाळेच्या नव्या सभागृहासाठी महालिंग सरांनी गावातल्या बारवेचं चित्र काढलं. माघात ते भिंतीवर लागलं. चित्र हार्डबोर्डवर, तैलरंगात आहे. त्यात गावातली ओळखू येणारी बरीच माणसं आहेत. सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांत मोठा, पांढऱ्या शर्टातला तरुण मी आहे.

गाव सेलू तालुक्यातलं, वालूरच्या अलीकडचं. मी आता परभणीत राहतो. वेचणी संपत आली की शहराबाहेरच्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला दिसतो. जाणाऱ्या गाड्यांतून काट्यांनी ओढून घेतलेला. रानात नुसत्या पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं, उभ्या राहतात. ऊन तिरपं होतं आणि दुपार कलली की प्रत्येक वस्तूची सावली त्या वस्तूपेक्षा मोठी होते. दरवर्षी हे दिवस येतात आणि दरवर्षी ते चित्र मनात लागतं. यंदाही लागलं.

सर त्या शाळेत चित्रकला शिकवत. गाव त्यांना आप्पा म्हणे. घर लिंगायताचं, जुनं, शिस्तीचं. सकाळी अंघोळ झाली की ते गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवून त्याच्याकडे बघत बसत. भस्मानं पांढुरका झालेला तळहात आणि त्याच्या मधोमध काळं लिंग. त्या वेळी ओसरीवर कोणी गेलं तरी नजर आधी तिथेच जायची, सरांच्या चेहऱ्याकडे नाही. सर एकदा म्हणाले होते, "चित्रकला म्या इथंच शिकलो. बाकी सगळं परीक्षेपुरतं."

त्यांचे विद्यार्थी पुष्कळ. शेवटपर्यंत टिकलेले दोन. एक मी, म्हणजे बाळू, आणि दुसरा सिद्धार्थ, कचरूबाचा मुलगा. कचरूबाचं घर गावाच्या पूर्वेच्या टोकाला. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत, तिकडे काय झालं, हे गावात कोणी उच्चारत नसे. कचरूबाच्या घरावर तेव्हापासून नवे पत्रे होते, एवढंच दिसायचं. चित्रकला शिक्षकाचा कोर्स आम्ही दोघांनी औरंगाबादला एकाच वर्षी पूर्ण केला आणि दोघेही गावात परत आलो. सर पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. जागा एक होती. संस्था सरांचा सल्ला घेईल हे सगळ्या गावाला माहीत होतं. माझे वडील, ज्यांना घरात आणि गावातही दादा म्हणत, संस्थेच्या संचालकांत होते.

सरांची एक पद्धत होती. आमची चित्रं ते ओसरीच्या खुंटीला लावत आणि घरी येईल त्याला उभं करत. दूधवाली, पोस्टमन, दळण घेऊन जाणाऱ्या बाया. चित्र कसं आहे, असं ते कधी विचारत नसत. विचारत, "आधी काय दिसलं?"

त्या दिवाळीनंतर त्यांनी आम्हाला कापसाची गाडी काढायला सांगितली. सेलूच्या जिनिंगला निघालेली, वर कापसाचा ढीग, ढिगावर झोपलेली मुलगी. आम्ही दोघांनी एकाच बांधावर बसून एकच गाडी बघितली. मी चाकाचा एकेक आरा काढला. बैलांच्या वेसणी, कासरा, जुवाचे खिळे, धुऱ्यांवरचे ओरखडे. एकही गोष्ट सुटली नाही. दूध घालायला येणारी सुंदराबाई माझ्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

"लय झ्याक काढली गाडी. चाक हाय, बैल हाय, कासरा हाय. समदं हाय की."

"आधी काय दिसलं?" सरांनी विचारलं.

"आधी काय अन् मग काय, आप्पा. समदंच दिसलं."

मग ती सिद्धार्थच्या चित्रासमोर गेली. त्यानं चाक अर्धं सोडून दिलं होतं. बैलांचे नुसते आकार होते. कापूस म्हणजे कागदाचा कोरा भाग. त्या कोऱ्यातून मुलीचा एक पाय बाहेर लोंबत होता, त्यात वाळा. गडद एवढंच.

"अगं बाई, पोरगी पडंल की," सुंदराबाई म्हणाली, आणि तिनं हात पुढे केला. कागदाच्या दिशेनं, खरोखर.

माझ्या गाडीवरही मुलगी होती. तिच्या दोन्ही पायांत वाळे होते.

त्या दिवशी जे वाटलं त्याला मत्सर म्हणतात. शब्द शोधावा लागला नाही. तो घशात नसतो, पोटात नसतो. निदान माझा नव्हता. माझा डोळ्यांत होता. त्यानंतर मी कुठलंही चित्र काढायला बसलो की आधी सिद्धार्थच्या कागदाकडे बघायचो. तो काय काढतो, यापेक्षा काय काढायचं सोडतो, ते बघायचो. आणि घरी जाऊन तसंच सोडून बघायचो. माझ्या कागदावर ती जागा नुसती रिकामी दिसे. त्याच्या कागदावर ती बोट दाखवत असे.

रंग आणायला आम्ही तिघे औरंगाबादला निघालो, तेव्हाची गोष्ट. देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. चहाच्या हॉटेलासमोर लिंबाचं झाड होतं. सर म्हणाले, "दोघं बी त्या शेंड्याकडं बघा. बोलायचं न्हाई."

मला हसू आवरेना. सिद्धार्थ बघत राहिला. मान वर, हात मागे बांधलेले, डोळे एका फांदीवर. आधी हॉटेलवाल्यानं वर बघितलं. मग बाकड्यावरच्या दोघांनी. मग जीपवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"काय हाय वर?"

"माकड दिसायलंय."

"माकड न्हाई, मोहोळ हाय मोहोळ."

"उठलं का काय?"

एकानं दस्ती डोक्याला गुंडाळली. दुसऱ्यानं चहा टाकून आतली खोली गाठली. एसटी आली तेव्हा फाट्यावरची झाडून सगळी माणसं रिकाम्या शेंड्याकडे बघत होती.

बसमध्ये बसल्यावर सर म्हणाले, "बघितलं ना. चित्रात बघणारा माणूस घातला की तो रस्त्यावरच्या पाटीचं काम करतो. तो बघंल तिकडं चित्रापुढचा माणूस जातो. रेषा, रंग, उजेड, सगळं त्याच्या मागून."

सिद्धार्थ म्हणाला, "फाट्यावर जमलं, सर. हितं मला कुणी वळखत न्हाई. गावात म्या वर बघितलं तर लोक वर बघणार न्हाईत. माझ्याकडं बघतील, ह्यो काय करायलाय म्हणून. बाळू बघतो तिकडं गाव बघतं."

हे त्यानं तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. पावसाचा अंदाज सांगावा तसं म्हटलं. सर खिडकीबाहेर बघू लागले.

ती नामांतराची वर्षं होती. भिंतींवर विद्यापीठाच्या नावाबद्दलच्या घोषणा असत, दोन्ही बाजूंच्या. विरोधातल्या गेरूनं लिहिलेल्या. मातीच्या भिंतीवर गेरू, त्यामुळे जवळ गेल्याशिवाय वाचता येत नसत. बाजूनं लिहिलेल्या निळ्या. लिहिणारा आधी चुन्याचा पट्टा मारून घेई, मग त्यावर निळी अक्षरं. गावात शिरणाऱ्या एसटीतून ती लांबून दिसत. आमच्या गावातली ती अक्षरं सिद्धार्थची आहेत, असं लोक म्हणत. याची खातरजमा मी कधी केली नाही. पण चुन्याचा तो रिकामा पट्टा अक्षरांच्या भोवती ज्या मापानं सोडलेला असे, ते माप माझ्या ओळखीचं होतं.

बारवेचं चित्र मार्गशीर्षात सुरू झालं. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. आमच्या गावातल्या बारवेच्या पायऱ्या गोल फिरत तळाला जातात. त्या काळी तिच्यात पाणी नव्हतं. गाळ होता, वेड्या बाभळी होत्या, फुटकी मडकी होती. सरांनी मला काठावर बसवलं. दुपारनंतर रोज. दगड थंड असायचा, पाठीवर ऊन. शेजारच्या रानातून ज्वारीच्या ओल्या पानांचा वास यायचा.

"मान जरा खाली घे. डोळे पाण्यावर."

"पाणी कुठंय, सर?"

"म्या घालीन."

मी बाभळीच्या एका फांदीवर नजर ठेवून बसायचो. येणारेजाणारे थांबायचे. "बाळासाहेबांची तसबीर काढायलेत आप्पा," असं एकमेकांना सांगायचे. माय रोज इस्त्रीचा शर्ट द्यायची. संध्याकाळी दादा विचारायचे, "आज कुठवर आलं?" मी सांगायचो, "नाक झालं." घरातले सगळे खूश होते. निवृत्त होणारा माणूस ज्याला सगळ्यांच्या पुढे बसवतो, त्यालाच खुर्ची देतो, हा हिशेब कोणी बोलून दाखवला नाही. सगळ्यांनी केला होता. मीही.

सिद्धार्थला सरांनी एकदाही बसवलं नाही. तो यायचा, ब्रश धुवायचा, रंग घोटून द्यायचा आणि जायचा. औरंगाबादहून आणलेलं तेल पुरलं नाही, म्हणून सरांनी सेलूच्या घाण्यावरचं जवसाचं तेल आणवलं, आपण भाजीला वापरतो तेच, आणि बाटलीत भरून पत्र्यावर उन्हात ठेवलं. सिद्धार्थ म्हणाला होता, "हे पुढं पिवळं पडंल, सर." सर म्हणाले, "पडू दे." माझ्या शर्टाला पांढरा भरपूर लागला आणि त्यात ते तेल सढळ हातानं पडलं. निळा सगळ्यात शेवटी लावला. तेव्हा तेल संपलं होतं. तो नुसत्या टर्पेंटाइनवर बसला.

माघात चित्र सभागृहात लागलं. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे नाना म्हणत, संचालक, शिक्षक, गावातले प्रतिष्ठित. दादा फेटा बांधून आले होते. पडदा काढल्यावर पहिला आवाज त्यांचाच होता. "घ्या. आमचं पोरगं समद्यांच्या म्होरं."

लोक हसले. मला चित्राशेजारी उभं केलं होतं, तुलना करायला. त्यामुळे मला चित्र दिसत नव्हतं. बघणाऱ्यांचे डोळे दिसत होते. ते डोळे आधी माझ्या खांद्याच्या बाजूला, म्हणजे चित्रातल्या शर्टावर यायचे. तिथे थोडे थांबायचे. मग खाली उतरायला लागायचे, गोल, एकाच वाटेनं, आणि एका जागी जाऊन थांबायचे. तोंडानं लोक माझ्याबद्दल बोलत होते. "हुबेहूब." "कान बगा, आजोबाचेच." पण डोळे तिकडेच होते. एकाचे नाही, सगळ्यांचे.

नाना पुढे आले. "आप्पा, खाली हे निळं कोन हाय?"

"पाणी प्यायला उतरलेला माणूस," सर म्हणाले.

"बरं," नाना म्हणाले. नारळ फुटला.

मी बाजूला होऊन चित्रासमोर आलो. ऊन पश्चिमेकडचं, उशिराचं. काठावरच्या प्रत्येक माणसाची सावली बारवेत पडलेली आणि प्रत्येक सावलीचं टोक एकाच दिशेला. पायऱ्यांच्या कडा गोल फिरत तिकडेच उतरणाऱ्या. पोहऱ्याचा दोर सरळ खाली. एका बाईचा पदर वाऱ्यानं तिकडेच ओढलेला. शेळीची मान तिकडे. सगळं चित्र माती, गेरू, राख यांच्या रंगात, आणि तळाशी पाण्याचा उजळ तुकडा, ज्याच्या भोवती पायऱ्यांचा अंधार. त्या उजेडात एक वाकलेला माणूस, ओंजळ पाण्यात, अंगात निळा सदरा. निळा रंग चित्रात दुसरीकडे कुठेही नव्हता. आभाळ सरांनी चौकटीबाहेर ठेवलं होतं.

तो माणूस माझ्या चित्रातल्या हाताच्या पंजाएवढा होता. त्याला चेहरा नव्हता. पाठच दिसत होती. खांदे सिद्धार्थचे होते.

आणि सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांत मोठा मी, नाक, कान, गुंड्या, सगळ्यांसकट, त्याच्याकडे बघत होतो.

सिद्धार्थ दाराशी उभा होता. गर्दी पांगल्यावर आत आला आणि बराच वेळ बघत राहिला.

"मजा हाय लेका तुझी," तो म्हणाला. "तुझे डोळे, नाक, समदं काढलंय. मला तर तोंड बी न्हाई."

"सगळे तुझ्याकडंच बघायलेत."

"तुझ्या शर्टावरून खाली घसरायलेत." तो हसला. "सरांनी मला लयच खाली उतरवलं, बाळू. तू बसलास तिथून ही बारव कशी दिसती, ते मला काढायचं होतं. तिथं बसायला कुणी बोलावलं न्हाई."

मला त्याचा हेवा वाटत होता, आणि त्याच भिंतीसमोर उभा राहून तो माझा हेवा करत होता. याचं मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर ओसरीवर ब्रश धूत होते. मी विचारलं, "सर, चित्र कुणाचं हाय?"

"बारवेचं."

"मग म्या म्होरं कामून?"

"तू बघतोस तिकडं गाव बघतं म्हणून. नुसताच त्याला काढला असता तर नानांनी चित्र लावू दिलं नसतं. तू म्होरं हायस, म्हणून ते भिंतीवर हाय."

"त्याला तर एक दिवस बी बसवलं न्हाई तुमी."

"त्याला बसवायची गरज न्हाई. तो पाठ हाय मला."

मी उठलो नाही. सरांनी ब्रश फडक्याला पुसला, बोटांनी टोक केलं, उन्हात बघितलं.

"रागावू नको," ते म्हणाले. "म्या मनचं काही घातलं न्हाई. दिवाळीपासनं तू त्याच्याकडंच बघायलास. म्या तेवढंच काढलं."

उन्हाळ्यात जाहिरात आली. जागा राखीव होती. सिद्धार्थची नेमणूक झाली. गावानं मला समजावलं. वाटेत, पारावर, लग्नाच्या मांडवात. "जागाच तसली निघाली, तू काय करणार." "तुझ्यात काय कमी न्हाई, नियमच हाय तसा." दादा जेवताना म्हणाले, "उगं मनाला लावून घेऊ नको. आप्पांनी तुझंच नाव सांगितलं असतं." लोक ते प्रेमानं म्हणत होते. अशी सबब हाताशी असणं ही मोठी सोय असते. त्या वर्षांत माझ्या वयाची कितीतरी मुलं तिच्यावर जगली, आणि तिच्यावर भाषणंही झाली. मला ती वापरता आली नाही. जाहिरात वैशाखात आली होती. चित्र माघात लागलं होतं.

आषाढात मी परभणीला आलो आणि एका दैनिकात मुद्रितं तपासायला लागलो. नंतर बातम्या, नंतर पान लावणं. तिथले उपसंपादक पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "वाचकाला आधी काय दिसायला पाहिजे ते ठरवा, मग लिहा." मी मान हलवली. पानावर मथळा कुठे, चौकट कुठे, छायाचित्रातला माणूस कुठल्या बाजूला बघतो आहे, याला महत्त्व असतं. माणूस पानाबाहेर बघत असेल तर वाचक पानाबाहेर जातो. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. कार्यालयात माझं कौतुक झालं. ते ऐकताना दर वेळी मला तळाशी वाकलेली एक पाठ दिसे.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली. आमच्या आवृत्तीचं पहिलं पान मी लावलं. मथळ्याभोवती जागा सोडली, नेहमीपेक्षा जास्त. पान बरं दिसत होतं. कोणाचं माप वापरलं, ते कोणाला कळायचं कारण नव्हतं.

सर त्यानंतरच्या वर्षी वारले. सिद्धार्थ शाळेत शेवटपर्यंत राहिला आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. तो सेलूला असतो. आम्ही लग्नाकार्यात भेटतो. तो माझ्या बातम्यांबद्दल विचारतो, मी त्याच्या मुलांबद्दल. चित्राचा विषय दोघेही काढत नाही.

यंदा हुरड्याला गावी गेलो. बाभळींना कापूस लागला होता. दुपार कलल्यावर शाळेकडे गेलो. सुट्टी होती. शिपाई मंगलबाई, वालूरकडची, चार-पाच वर्षांपूर्वी लागलेली. तिनं सभागृह उघडून दिलं.

"कोणाकडले पाहुणे तुमी?"

"गावातलाच. परभणीला असतो."

खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं. चित्र त्याच भिंतीवर आहे. मी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, "बाई, ह्याच्यात आधी काय दिसलं?"

ती हसली. "आमचे सिद्धार्थ सर बी हेच इचारायचे. पोरांच्या चित्रापुढं मला उभं करायचे, झाडू हातात असला तरी." मग तिनं चित्राकडे नीट बघितलं. "आधी ह्यो पांढऱ्या अंगीवाला."

"मग?"

"मग त्यो बघायलाय तिकडं खाली गेले. त्यो निळा. तिथंच थांबती नजर."

"आणि हा वरचा? हा कोण आहे?"

तिनं एकदा त्या चेहऱ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. "कोण हाय काय म्हाईत. त्याचं कायतरी खाली पडलं असंल. तसं बघायलाय."

ती खिडक्या लावायला गेली. मी जवळ जाऊन रंग तपासले. शर्टाचा पांढरा पिवळा पडला आहे. पाण्याचा उजेड मळला आहे. निळा तसाच आहे.